माझ्यावर कप ठेवू नका

मित्रांनो, मी एक जुना इंजिन ब्लॉक आहे. ओतीव लोखंडाचा म्हणजे बिडाचा, आठ सिलिंडरचा, दोन धडधाकट माणसांना घाम फोडणारा. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंच्या गोष्टी कशा असतात ते मला ठाऊक आहे. एके काळी आम्ही फार कामाचे होतो, आता आम्हाला कुणी विचारत नाही, असं रडगाणं गायचं आणि शेवटी ऐकणाऱ्याचे डोळे ओले करायचे. ते माझ्याकडून होणार नाही. मला विचारणारे पैशाला पासरी होते. बत्तीस वर्षं लोकांनी माझं इतकं कौतुक केलं की मला कौतुकाचा उबग आला. मी चालायला जन्मलो आणि मला नुसतं पुजायला बसवलं, ही माझी तक्रार आहे. ती मी मोठ्या आवाजात सांगणार आहे, कारण हळू बोलणं मला जमत नाही.

माझा जन्म मिशिगनमधल्या सॅगिनॉ गावी, नदीकाठच्या एका ओतशाळेत झाला. साल १९६९, महिना ऑक्टोबर. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं गेलं, आणि थोडं निवलं तेव्हा साचा फोडून मला बाहेर काढलं. साचा फोडून वाळू झटकायचं काम सगळ्यात वाईट. तिथे आवाज असा, की शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलायचं. त्या कामावर केझ व्रोना नावाचा बावीस वर्षांचा पोलिश घरातला तरुण होता. कानात कापसाचे बोळे घालायचा, पण बोळ्यांनी काय होणार? घरी जाऊन तो जेवणाच्या टेबलावरही ओरडूनच बोलायचा. त्याची बायको स्टेला म्हणायची, "केझ, मी समोर बसलेय, नदीपलीकडे नाही."

पुढच्या वसंतात केझने नवी कोरी दोन दारांची गाडी घेतली. गडद हिरवी, लांब नाकाची, उगाच गुरगुरणारी. घरी आणल्या आणल्या तो टॉर्च घेऊन तिच्याखाली शिरला आणि माझ्या पाठीवरची ओतकामाची तारीख वाचली. ती नेमकी त्याच्या पाळीची निघाली. झालं, त्याने गावभर सांगितलं की हा ब्लॉक मीच झटकला. आता खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्यासारखे कित्येक ओतले गेले आणि झटकणारे तिघे होते. मी तेव्हा लालबुंद होतो, कोण झटकतंय हे मला कुठलं कळायला? पण मी कधी त्याला खोटं पाडलं नाही.

गाडीत बसण्याआधी कारखान्यात माझ्या पुढच्या कडेला, बोटभर रुंदीच्या पट्टीवर, एक नंबर ठोकला गेला होता. गाडीच्या नंबराचीच ती शेपटी. तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मित्रांनो, हा नंबर लक्षात ठेवा. सगळं रामायण त्याच्यावरून घडलं.

एकवीस वर्षं मी राबलो. रविवारी चर्च, शुक्रवारी मासे तळून मिळायचे त्या हॉलपर्यंत फेरी, उन्हाळ्यात ह्युरॉन सरोवराचा काठ. लू नावाची मुलगी झाली तेव्हा तिला दवाखान्यातून मीच घरी आणलं, आणि तीन वर्षांनी जेरोमला. केझ माझी निगा स्वतः राखायचा. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक माझ्या अंगाला टेकवायचा आणि मूठ कानामागच्या हाडाला. मग डोळे मिटून ऐकायचा. कुठला व्हॉल्व्ह टकटकतोय, कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, सगळं त्याला कळायचं. डॉक्टर छाती तपासतो ना, तसं. त्या दिवसांबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

१९९१ साली केझ पंधरा वर्षांच्या जेरोमला घेऊन जुन्या गाड्यांच्या एका जत्रेला गेला. तिथे पांढऱ्या टोपीतला एक जाणकार आला. त्याने बॉनेट उघडायला लावलं, टॉर्च मारून माझ्या पट्टीवरचा नंबर वाचला, मग गाडीचा वाचला, आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "जुळतोय. हा मूळचा आहे. याला आता चालवू नका, ठेवून द्या."

आमच्या भागात हे एक वेडच आहे. गाडीचा आणि इंजिनाचा नंबर जुळला की माणसं टोप्या काढतात. जेरोमच्या डोळ्यांत त्या दिवशी जी चमक आली, ती पुढे गेलीच नाही. केझही भुलला. महिन्याभरात मला बाहेर काढून गाडीत दुसरं कुठलं तरी इंजिन कोंबलं. माझी आतडी काढली, मला धुतलं, केशरी रंग दिला, आणि तळघरात चार पायांवर बसवून डोक्यावर जाड काच ठेवली.

होय, माझं टेबल केलं.

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही म्हणतात. मला बघा, एक घाव न सोसता देवपण मिळालं. माझ्यावर कॉफीचे कप आले, पत्त्यांचे डाव आले, नाताळात केकचे चुरे आले. येणारा प्रत्येक पाहुणा वाकून काचेतून नंबर बघायचा आणि "वा" म्हणायचा. जेरोम दर महिन्याला येऊन मऊ फडक्याने मला पुसायचा. एवढी निगा कुणाची राखतात हो? आणि मी आतल्या आत धुमसत होतो. ज्या सिलिंडरांत ठिणगी पेटायची, तिथे आता कोळ्याने घर केलं होतं.

स्टेला गेली. केझ शहात्तरचा झाला. त्याचा उजवा कान ओतशाळेने केव्हाच खाल्ला होता, डाव्यात यंत्र होतं. मागच्या सप्टेंबरात एका शनिवारी तो हिरव्या गाडीतून फेरी मारून परत आला तेव्हा लू पायऱ्यांवर बसली होती. लू आता पन्नाशीची, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करते. गाडी कोपऱ्यावर असतानाच ती उठली. पळत गेली आणि खिडकीतून हात घालून तिने किल्ली बंद केली.

"बाबा, ठोके ऐकू येत नाहीत तुम्हाला? आतलं बेअरिंग फुटलंय, लोखंडावर लोखंड आपटतंय. अख्ख्या गल्लीला ऐकू आलं."

केझ म्हणाला, "मस्त चालत होती की."

 मग बापलेक तळघरात उतरले आणि माझ्या दोन बाजूंना बसले. केझने माझ्या काचेवर कोपर टेकले. म्हणाला, "डॉक्टरीणबाई म्हणाली, डावा कान वर्षभर टिकला तर टिकला. पक्ष्यांचं, फोनचं मला काही नाही गं. पण हातानं बांधलेलं एक इंजिन नीट ऐकायचंय. आणि आयुष्यात एकदा ब्लोअरवालं. तरुणपणी ऐकलं होतं एकाचं, तेव्हापासून डोक्यात बसलंय."

ब्लोअर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसणारा हवेचा पंप. तो हवा दाबून दाबून सिलिंडरांत भरतो आणि भरताना शीळ घातल्यासारखा ओरडतो.

लूने खिशातून मेणाची पेन्सिल काढली, जिने ती टायरवर खुणा करते, आणि थेट माझ्या काचेवर बेत मांडला. लांब हाताचा क्रँक, म्हणजे पिस्टन वरखाली करणारा फिरता दांडा, घालायचा, की पिस्टनची धाव पाव इंचाहून थोडी जास्त वाढेल. सिलिंडर किंचित रुंद करायचे. साडेतीनशे घन इंचांचं पोट तीनशे त्र्याऐंशीचं होईल. वर ब्लोअर. ब्लोअर आधीच हवा दाबतो, म्हणून पिस्टनची डोकी सपाट नकोत, वाटीसारखी खोलगट हवीत, नाहीतर पेट्रोल भलत्या वेळी पेटून सगळं फोडेल. हे सगळं मी काचेखालून उलटं वाचत होतो, आणि शेवटची ओळ वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'ब्लॉक : नवा मागवणे.'

नवा? माझ्या डोक्यावर वही करून नव्याची ऑर्डर?

लू पेन्सिल चावत म्हणाली, "नव्याचं एक वाईट असतं. नवं बीड तापतं, निवतं, वर्षभर इकडेतिकडे सरकत असतं. आज अचूक मापलेलं उद्या तसं राहत नाही. जुना, मुरलेला मिळाला तर लाख पटीने बरा."

"आजीच्या आंबवलेल्या कोबीच्या बरणीसारखा," केझ म्हणाला.

"तसाच. पण मुरलेला आणि बिनचिरेचा आता मिळतो कुठे?"

केझने कोपर उचलले. काचेवर वाकला आणि माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने नंबर सोडून मला बघितलं.

जेरोमला कळलं तेव्हा तो कोट न काढताच तळघरात उतरला. "डोकं फिरलंय का तुम्हा दोघांचं? याला कापणार? भोकं मोठी करणार?"

"अरे, इंजिन आहे ते, तुझं टेबल नाही," लू म्हणाली.

"नंबर जुळणारा आहे तो."

"मग शनिवारी फिरायला नंबर ने."

जेरोम माझ्या शेजारी खाली बसला. त्याचा आवाज उतरला. "लू, बाबा गेल्यावर आपल्याकडे काय राहणार आहे? एक लग्नातला फोटो आणि हे. याच्यावर बाबांच्या पाळीची तारीख आहे. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून याला पुसतोय."

मला तेव्हा त्याचा राग आला नाही, हे कबूल करतो. त्याचं प्रेम होतं. फक्त त्या प्रेमाखाली मी गुदमरत होतो. शेवटी तडजोड ठरली. मला वापरायचं, पण नंबराच्या पट्टीला हात लावायचा नाही. जेरोमने स्वतः तिच्यावर निळी चिकटपट्टी लावली, दोनदा.

मला अर्डिथ केंप्फ हिच्या वर्कशॉपात नेलं. अर्डिथ सत्तरीची, चष्मा कपाळावर आणि जीभ तिखट. चाळीस वर्षं ती ब्लॉक कापते आहे. तिने माझ्या प्रत्येक सिलिंडरच्या भिंतीवर छोटं यंत्र टेकवून जाडी मोजली. सात भिंती ठणठणीत निघाल्या. सातव्या नंबरच्या सिलिंडरची एक बाजू मात्र पातळ निघाली. ओतताना वाळूचा गाभा जरासा सरकला असणार.

"केझ, तुझ्याच पाळीचा ना हा?" अर्डिथ म्हणाली.

"मी झटकायचो, ओतायचो नाही."

"सगळे असंच म्हणतात."

सिलिंडर फाजील रुंद करायचे नाहीत, ब्लोअरचा दाबही बारा पौंडांऐवजी सहाच ठेवायचा, असं ठरलं. लूने तोंड वाकडं केलं, पण बेतातला मोठा आकडा खोडला. मला कुणी पातळ म्हटलं की चीड येते. पण खरं ते खरं, आणि सहा पौंड काय थोडे असतात?

खरी अडचण पुढे आली. माझा माथा, म्हणजे जिथे हेड, सिलिंडरांचं झाकण, बसतं ती सपाटी, इतक्या वर्षांत वाकडी झाली होती. हवा दाबून भरायची तर माथा आरशासारखा सपाट हवा, नाहीतर पहिल्याच शनिवारी मधली पातळ चकती, गॅस्केट, उडेल. आणि नंबराची पट्टी त्याच सपाटीच्या पुढच्या टोकाला.

"माझ्या मशीनचं पातं जेवणाच्या ताटाएवढं आहे," अर्डिथ म्हणाली. "ते बोटभर आधी थांबत नाही. पट्टी वाचवायची तर हा टोलेडोला पाठवावा लागेल. तिथे एकजण करतो. सात महिन्यांची रांग आहे."

तेव्हा मार्च चालू होता. केझने डाव्या कानातलं यंत्र काढलं, फुंकलं, परत घातलं. सात महिने माझ्याकडे होते. त्याच्याकडे नव्हते.

लू म्हणाली, "बाबा, जेरोमला फोन करूया."

"नको. हो म्हणाला तर जन्मभर मनात ठेवील, नाही म्हणाला तर मी ठेवीन. दोष माझ्या नावावर असू दे." मग तो पुढे आला आणि निळी चिकटपट्टी त्याने स्वतः नखाने सोलली, दोन्ही थर. "बत्तीस वर्षं याचा नंबर बघितला, आवाज नाही ऐकला. मीच गाढव. अर्डिथ, उतरव."

लूने त्याआधी पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि नंबराचा ठसा घेतला. मग पातं आलं. मित्रांनो, दुखलं का म्हणून विचारू नका. एका फेरीत माझी सगळी किंमत भुसा होऊन खाली पडली. आणि मला हलकं वाटलं. आता माझ्याकडे बघून कुणी टोपी काढणार नव्हतं. आता मला काही करून दाखवणं भाग होतं.

जेरोमला लूने तो ठसा नेऊन दिला. त्याने कागद घेतला, दार लावलं, आणि पुढचे चार महिने तो आमच्या घरी फिरकला नाही.

मी तळघरात परत आलो आणि मग घाव सुरू झाले. लांब हाताचा क्रँक फिरताना त्याचे दांडे माझ्या पोटाच्या कडांना घासायचे. तिथे खाचा कराव्या लागतात. त्या केझने स्वतः केल्या. थोडं घासायचं, क्रँक हाताने फिरवायचा, बोट घालून चाचपायचं, परत घासायचं. आठही सिलिंडरांना त्याने आठ दिवस घेतले. लू घाई करायची. तो म्हणायचा, "लोखंड एकदा काढलं की परत लावता येत नाही. चूप बस." पिस्टनच्या कड्यांच्या टोकांत फट जास्त ठेवायची, हेही त्याचंच. दाबाच्या हवेने कड्या जास्त तापतात, फुगतात, टोकाला टोक भिडलं की पिस्टन तुटतो. लूने पुस्तकातला आकडा वाचला, केझने पातळ पट्ट्या घालून बोटांनी तपासला, दोघांचं जुळलं तेव्हाच कडी आत गेली.

जूनमध्ये एका सकाळी केझ खाली आला आणि लू काहीतरी बोलली. त्याने यंत्र हलवलं. सेल बदलले. परत हलवलं. मग ते काढून हत्यारांच्या खणात ठेवून दिलं. डावा कानही गेला होता, वर्ष भरायच्या आत.

लू पत्र्याच्या डब्यावर बसून रडली. तिने हातातला पाना फेकला नाही, नीट जागेवर ठेवला आणि मग रडली. केझने माझी ती जुनी काच आणली, दोन लाकडी खोक्यांवर ठेवली आणि मेणाची पेन्सिल तिच्या हातात दिली. त्या दिवसापासून ती त्यांची पाटी झाली.

तिने लिहिलं, 'आता कशाला करायचं?'

केझ वाचून ओरडला, कारण त्याचा आवाज आता त्यालाच ऐकू येत नव्हता. "कान गेलेत. मी नाही गेलो. हेडचे बोल्ट आण."

असा माणूस मला आवडतो.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, सकाळी दहाला, मला परत त्या हिरव्या गाडीत बसवून अंगणात आणलं. बॉनेट काढलेलं, कारण ब्लोअर त्यात मावत नव्हता. अर्डिथ खुर्ची घेऊन आली होती. आणि फाटकाशी हाताची घडी घालून जेरोम उभा होता. त्याला कुणी बोलावलं होतं ते मला माहीत नाही. तो आत आला नाही, पण गेलाही नाही.

लूने किल्ली फिरवली. एकदा घरघरलो, दुसऱ्यांदा पेटलो. मित्रांनो, बत्तीस वर्षं गिळलेलं सगळं मी बाहेर काढलं. खाली माझी गुरगुर आणि वर ब्लोअरची शीळ. शेजारचा कुत्रा घरात पळाला. अर्डिथने चष्मा कपाळावरून खाली घेतला. लू हसत होती आणि तिच्या गालांवर पाणी होतं. फाटकाशी जेरोमची घडी सुटली.

आणि केझ नुसता बघत होता. माझ्यावरची बारीक थरथर बघत होता, लूचं तोंड बघत होता. त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप, आणि त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. मी माझ्या ताकदीने ओरडत होतो आणि तो बर्फ पडताना बघावं तसा उभा होता. आयुष्यात एवढी लाज मला टेबल असतानाही वाटली नव्हती.

मग तो वळला. हत्यारांच्या खणातून तोच हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक त्याने माझ्या पुढच्या कडेला टेकवलं, नेमकं त्या कोऱ्या पट्टीवर, जिथे नंबर होता. कान आता कामाचा नव्हता, म्हणून मूठ त्याने दातांत धरली. डोळे मिटले.

मी त्याच्या दातांतून आत शिरलो. जबड्यात, कवटीत, मानेत. त्याचे खांदे खाली आले. बराच वेळ तो तसाच उभा होता, आणि लू किल्लीवर हात ठेवून वाट बघत होती. मग त्याने मूठ दातांतून काढली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ओळखला. हाच तो. हा मीच झटकलेला."

जेरोम आत आला. त्याने तोंडाने विचारलं, हाताने विचारलं, काय कळतं त्यात? केझने स्क्रूड्रायव्हरची मूठ पँटला पुसली आणि त्याच्या हातात दिली. जेरोम वाकला, टोक माझ्या पट्टीवर ठेवलं आणि मूठ दातांत धरली. त्याच्या खिशात नंबराच्या ठशाचा तो कागद घडी घालून ठेवलेला होता. त्याने तो बाहेर काढून बघितला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कपाटावर, माळ्यावर, काचेमागे कुणी ना कुणी असेल. त्याला पुसू नका, त्याला कामाला लावा. तो झिजेल, त्याला ओरखडे पडतील, एखादे दिवशी फुटेलही. फुटू द्या. सातवी भिंत पातळ आहे म्हणून मी सहा पौंडांवर चालतो, पण चालतो. जपणं म्हणजे काय ते मला त्या म्हाताऱ्याच्या दातांनी शिकवलं, फडक्याने नाही.

आणि कप ठेवायला टेबल हवं असेल तर लाकडाचं घ्या. मला शनिवारी काम असतं.